बंदर बुजले, अंक उरले : आर्नोकाठच्या पिसा नगरीत दोन दिवस

जळोचीच्या फळे-भाजीपाला बाजारात ज्या तीनचाकी गाड्यांतून माल येतो आणि बारामतीच्या पेठेत ज्या गाड्यांतून तो दुकानोदुकानी पोहोचतो, त्या गाडीला आपल्याकडे सर्वजण ‘ॲपे’ म्हणतात. मूळ इटालियन उच्चार ‘आपे’ असा असून त्याचा अर्थ मधमाशी. तिच्या थोरल्या बहिणीचे नाव ‘वेस्पा’, म्हणजे गांधीलमाशी. मधाचा त्याग केलेल्या कितीतरी घरांचा माल वर्षानुवर्षे मधमाशीच्या पाठीवरून फिरत आहे, ही गंमत फार थोड्यांच्या ध्यानात येते.

या गाड्या तयार करणाऱ्या पियाजिओ कंपनीचा कारखाना बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत उभा राहिला, त्याला आता दोन तपे उलटून गेली. पुढे चॉकलेटचा व्यवसाय करणारी फेरेरो ही इटालियन कंपनीही बारामतीत आली. त्याच्याही आधीचा धागा इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरपाशी सापडतो. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून पुढे अनेक वर्षे फियाट गाड्या बाहेर पडल्या, आणि फियाटचे माहेर म्हणजे इटलीतील पो नदीच्या काठचे तुरिन शहर. बारामती-इंदापूरच्या व्यापाऱ्याला इटली हा देश तसा परका नाही.

अलीकडे या परिसरातील अनेक कुटुंबे युरोपच्या सहलीला जातात. सहलीच्या कार्यक्रमात रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस अशी नावे असतात आणि मध्येच कुठेतरी ‘पिसा : दोन तास’ अशी एक ओळ असते. बस थांबते, कलता मनोरा हातांनी सावरून धरल्याची छायाचित्रे निघतात आणि बस पुढे जाते. जगातील पुष्कळ प्रवासी पिसा असेच पाहतात. व्यापारी कुटुंबाने मात्र या शहराला दोन दिवस आणि एक रात्र द्यावी. कारण पिसा हे मुळात व्यापाऱ्यांचे गाव. त्याची जहाजे गेली, बंदर गेले, राज्य गेले. पण तेथील एका व्यापाऱ्याच्या मुलाने लिहिलेला हिशेबाचा ग्रंथ सगळ्या युरोपच्या पेढ्यांवर पोहोचला. त्या ग्रंथाचे मूळ भांडवल भारतातून गेलेले होते.

फ्लॉरेन्सहून पिसाकडे

पिसाला पोहोचण्याचा सोयीचा मार्ग म्हणजे फ्लॉरेन्सहून सुटणारी रेल्वे. प्रवास साधारण एका तासाचा. दोन्ही शहरे एकाच नदीवर वसलेली आहेत. आर्नो नदी अपेनाइन पर्वतात उगम पावते, फ्लॉरेन्समधून वाहते आणि सुमारे २४० किलोमीटरचा प्रवास करून पिसाच्या पुढे समुद्राला मिळते.

फ्लॉरेन्समध्ये मुक्काम असेल, तर एक गोष्ट जैन प्रवाशाला माहीत असावी. आर्नोच्या काठाजवळ असलेल्या तेथील राष्ट्रीय मध्यवर्ती ग्रंथालयात जैन हस्तलिखितांचा संग्रह आहे. याच शहराच्या विद्यापीठात शिकलेले लुईजी पिओ तेस्सितोरी (१८८७-१९१९) हे तरुण पंडित आचार्य विजयधर्मसूरींशी पत्रव्यवहार करीत भारतात आले, राजस्थानात राहून त्यांनी तेथील जुन्या भाषेचा आणि साहित्याचा अभ्यास केला आणि बिकानेरमध्येच त्यांचा देह पडला. विद्येच्या ओढीने केलेल्या प्रवासाचे हे उदाहरण आपल्या मुलांना सांगण्याजोगे आहे.

रेल्वे पिसाला पोहोचण्यापूर्वी पोंतेदेरा हे स्थानक लागते. पियाजिओचे मुख्यालय असलेले गाव ते हेच. दुसऱ्या महायुद्धापूर्वी येथे विमाने तयार होत. युद्धात कारखाना उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर विमाने बनवण्याची सोय उरली नव्हती आणि लोकांपाशी मोटार घेण्याइतका पैसा नव्हता. तेव्हा कोर्रादीनो दास्कानियो या विमानांच्या अभियंत्याने १९४६ मध्ये वेस्पा स्कूटर आणली आणि १९४८ मध्ये तिच्याच धर्तीवर मालवाहू तीनचाकी ‘आपे’ आली. कारखान्याच्या जुन्या इमारतीत आता संग्रहालय आहे. जळोचीच्या बाजारात रोज दिसणाऱ्या गाडीची पणजी तेथे चकचकीत उभी असते. बुडालेल्या धंद्यातील कसब नव्या गरजेला कसे जुंपावे, याचा हा धडा दुकानदाराला लगेच उमगतो.

चौक आणि मनोरा

पिसाचा जगप्रसिद्ध चौक शहराच्या उत्तर टोकाला आहे. हिरवळीवर पांढऱ्या संगमरवराच्या चार वास्तू उभ्या आहेत : मोठे प्रार्थनामंदिर, गोल दीक्षास्नानगृह, घंटेचा मनोरा आणि ‘काम्पोसान्तो’ ही दफनभूमी. १९८७ मध्ये युनेस्कोने या चौकाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. प्रार्थनामंदिराचे काम १०६३-६४ च्या सुमारास सुरू झाले. त्याच वेळी पिसाच्या आरमाराने सिसिलीतील पालेर्मोवर स्वारी करून मोठी लूट आणली होती आणि त्या धनाचा वाटा या बांधकामात गेला. ही वास्तू पाहताना डोळे दिपतात, परंतु तिच्या पायात लुटीचे धन आहे हेही स्मरणात ठेवावे. न्यायोपार्जित धनाचा आग्रह धरणाऱ्या श्रावकाला हा भेद सांगावा लागत नाही.

मनोऱ्याचा पाया ११७३ मध्ये घातला गेला. जमीन नदीच्या गाळाची, मऊ. तिसऱ्या मजल्यापर्यंत काम येते न येते तोच मनोरा एका बाजूला खचू लागला आणि ११७८ च्या सुमारास काम थांबले. त्यानंतर युद्धे आणि अडचणी यांमुळे जवळजवळ शंभर वर्षे कोणी त्याला हात लावला नाही. हाच विलंब मनोऱ्याला तारक ठरला. त्या काळात खालची माती दाबली जाऊन घट्ट झाली. अभियंत्यांचे मत असे, की घाईने सगळे मजले चढवले असते तर मनोरा तेव्हाच कोसळला असता. पुढे १२७२ मध्ये काम पुन्हा सुरू झाले, पुन्हा थांबले आणि चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात घंटाघर पूर्ण झाले.

१९९० मध्ये कल धोकादायक वाटल्याने मनोरा लोकांसाठी बंद करण्यात आला. तज्ज्ञांनी त्याला बाहेरून ढकलले नाही किंवा ओढले नाही. ज्या बाजूने तो उंच राहिला होता त्या उत्तरेकडील पायाखालची माती त्यांनी थोडी थोडी काढली आणि मनोरा स्वतःच्याच भाराने सुमारे अर्धा अंश मागे आला. डिसेंबर २००१ मध्ये तो पुन्हा खुला झाला. वर चढण्यासाठी ठराविक वेळेचे तिकीट आधी काढावे लागते, पिशव्या खाली ठेवाव्या लागतात आणि आठ वर्षांखालील मुलांना प्रवेश मिळत नाही. मुले लहान असतील तर वडीलधाऱ्यांनी आळीपाळीने चढावे.

काम्पोसान्तो : साखळी, चित्र आणि पुतळा

मनोऱ्यापाशी गर्दी असते, तर शेजारच्या काम्पोसान्तोत शांतता. व्यापारी कुटुंबाने खरा वेळ द्यावा तो येथे. चौकोनी अंगणाभोवती लांब ओवऱ्या असलेल्या या दफनभूमीत तीन गोष्टी जवळजवळ आहेत आणि तिन्ही मिळून पिसाची कथा पूर्ण होते.

पहिली गोष्ट म्हणजे लोखंडी साखळ्या. पिसाच्या बंदराच्या तोंडाशी शत्रूची जहाजे अडवण्यासाठी त्या ताणलेल्या असत. जेनोआ हे पिसाचे समुद्रावरील प्रतिस्पर्धी शहर. ६ ऑगस्ट १२८४ रोजी मेलोरियाच्या आरमारी लढाईत जेनोआने पिसाचा पराभव केला आणि हजारो कैदी धरून नेले. पिसा पाहायचे असेल तर जेनोआला जा, अशी म्हणच त्या काळी पडली. १२९० मध्ये जेनोआच्या लोकांनी बंदर उद्ध्वस्त करून साखळ्याही नेल्या आणि विजयाचे चिन्ह म्हणून आपल्या शहरात टांगल्या. १८६० मध्ये इटलीच्या एकीकरणाच्या वेळी त्या सन्मानाने परत देण्यात आल्या. पावणेसहाशे वर्षांचे वैर अशा रीतीने भिंतीवर शांतपणे लटकते आहे. ‘खामेमि सव्वे जीवे’ म्हणणाऱ्या समाजाला या साखळ्यांचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट म्हणजे चौदाव्या शतकातील ‘मृत्यूचा विजय’ हे भव्य भित्तिचित्र. उंची वस्त्रे ल्यालेले धनिक स्त्री-पुरुष घोड्यांवरून शिकारीला निघाले आहेत आणि वाटेत एकाएकी त्यांच्यासमोर तीन उघड्या शवपेट्या येतात. आतील प्रेते कुजण्याच्या वेगवेगळ्या अवस्थांत आहेत. घोडे बिचकले आहेत, एकाने नाक धरले आहे. बारा भावनांपैकी पहिली अनित्य भावना ज्याने प्रवचनात ऐकली आहे, त्याला हे चित्र परक्या धर्माचे वाटत नाही. जुलै १९४४ मध्ये युद्धातील तोफमाऱ्याने येथे आग लागली, छताचे शिसे वितळून चित्रांवर ओघळले. पुढे दीर्घ परिश्रमांनी ती सावरण्यात आली. अनित्यतेचे चित्रही अनित्यतेतून सुटले नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे एका माणसाचा पुतळा. त्याचे नाव पिसाचा लिओनार्दो. जग त्याला फिबोनाची म्हणून ओळखते.

व्यापाऱ्यांचा मुलगा आणि नऊ अंक

लिओनार्दोचा जन्म ११७० च्या सुमारास झाला. त्याचे वडील उत्तर आफ्रिकेतील बुजिया, म्हणजे आजच्या अल्जीरियातील बेजाया, या बंदरात पिसाच्या व्यापाऱ्यांच्या वतीने जकात कचेरीत काम पाहत. मुलाने हिशेब शिकावा म्हणून त्यांनी त्याला तेथे बोलावून घेतले. तेथे लिओनार्दोला भारतीय अंकपद्धतीची ओळख झाली. पुढे व्यापाराच्या निमित्ताने तो इजिप्त, सीरिया, ग्रीस, सिसिली असा हिंडला आणि जेथे जाईल तेथे हिशेबाच्या रीती शिकत राहिला. १२०२ मध्ये त्याने ‘लिबेर आबाची’ हा ग्रंथ लिहिला. आरंभीच त्याने स्पष्ट नोंदवले, की हे नऊ अंक भारतीयांचे आहेत आणि त्यांच्या जोडीला शून्याचे चिन्ह घेतले की कोणतीही संख्या लिहिता येते.

आज हे वाचताना नवल वाटत नाही. परंतु त्या काळी युरोपचा व्यापारी रोमन आकड्यांत जमाखर्च ठेवी. ३८८ ही संख्या आपण तीन अंकांत लिहितो, तर रोमन पद्धतीत तिला अकरा अक्षरे लागतात. त्या आकड्यांत गुणाकार-भागाकार कागदावर होत नसे, त्यासाठी पाटीवर खडे मांडावे लागत. लिओनार्दोचा ग्रंथ केवळ पंडितांसाठी नव्हता. मालाचा भाव काढणे, मालाच्या बदल्यात माल देणे, भागीदारांत नफा वाटणे, नाण्यांतील चांदीचे प्रमाण ठरवणे, एका शहराच्या नाण्यांचे दुसऱ्या शहराच्या नाण्यांत रूपांतर करणे, असे दुकानातले प्रश्न त्यात पानोपानी सोडवले आहेत.

नव्या अंकांना विरोधही झाला. १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने आपल्या सभासदांना वह्यांत हे अंक वापरण्यास बंदी केली. शून्याला शेपूट जोडले की त्यांच्या लिपीत सहा किंवा नऊ होतो आणि रकमेत खाडाखोड करणे सोपे जाते, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. आपल्या पूर्वजांनाही ही भीती माहीत होती. म्हणूनच हुंडीत रक्कम अंकी आणि अक्षरी तर लिहीतच, शिवाय तिची निमपट लिहून ‘त्याची दुप्पट’ असा खुलासाही करीत. आज धनादेशावर रक्कम अक्षरी लिहिली जाते त्यामागेही तीच सावधगिरी आहे. शेवटी सोय जिंकली. १२४० च्या सुमारास पिसा नगराने हिशेबाच्या कामात केलेल्या साहाय्याबद्दल लिओनार्दोला वार्षिक वीस लिरांचे मानधन बांधून दिले. सेनापतींचे पुतळे पुष्कळ ठिकाणी असतात, पण हिशेबनिसाला मानाची जागा देणारे गाव विरळा.

हेमचंद्राचार्य, मोरोपंत आणि मात्रांचा मेळ

लिओनार्दोच्या ग्रंथात सशांचे एक कोडे आहे. सशांची एक जोडी दरमहा नवी जोडी देते आणि नवी जोडी एका महिन्यानंतर तेच करू लागते, तर वर्षाअखेर किती जोड्या होतील? उत्तर ३७७ येते. १, २, ३, ५, ८, १३ अशी ही मालिका वाढत जाते आणि प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांच्या बेरजेइतकी असते. जगभर तिला ‘फिबोनाची मालिका’ म्हणतात.

ही मालिका कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी ११५० च्या सुमारास, म्हणजे लिओनार्दोच्या ग्रंथापूर्वी सुमारे अर्धशतक, आपल्या ‘छन्दोनुशासन’ ग्रंथात सांगितली होती. त्यांच्याही आधी विरहांक आणि गोपाळ या छंदशास्त्रकारांना ती ठाऊक होती. प्रश्न सशांचा नव्हता, छंदाचा होता. लघु अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन. मग चार मात्रांचा चरण किती प्रकारांनी बांधता येईल? दोन गुरू, एक गुरू आणि दोन लघु, तेही गुरूची जागा बदलून तीन प्रकारे, आणि चारही लघु. असे पाच प्रकार. पाच मात्रांचे आठ, सहा मात्रांचे तेरा. चरणाचा शेवट लघूने झाला तर एक मात्रा कमी असलेल्या चरणांचे सर्व प्रकार त्याच्या मागे येतात, गुरूने झाला तर दोन मात्रा कमी असलेल्यांचे. म्हणून मागील दोन्हींची बेरीज.

बारामतीकरांना हा हिशेब परका वाटू नये. कऱ्हेच्या काठी राहून मराठी काव्य रचणारे मोरोपंत (१७२९-१७९४) मात्रावृत्तांचेच स्वामी होते. आर्या आणि गीती या वृत्तांत चरण मात्रांनी मोजले जातात आणि दोन्हींचा पहिला चरण बारा मात्रांचा असतो. गणांचे नियम क्षणभर बाजूला ठेवले, तर बारा मात्रा २३३ प्रकारांनी मांडता येतात आणि तेरा मात्रा ३७७ प्रकारांनी. सशांच्या कोड्याचे उत्तर ते हेच. बारामतीच्या शाळेत आर्या शिकणारा मुलगा आणि पिसात पुतळ्यासमोर उभा राहणारा प्रवासी, दोघांच्याही बोटांवर एकच मोजणी आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत ‘फिबोनाचीने हेमचंद्राचार्यांची चोरी केली’ असे ठासून लिहिलेले असते. याला कोणताही पुरावा नाही. गुजरातेतील पाटण येथे लिहिलेला संस्कृत ग्रंथ लिओनार्दोने पाहिला होता असे दाखवणारी एकही नोंद उपलब्ध नाही. उलट जे त्याने भारतीयांकडून घेतले, त्या अंकांचे श्रेय त्याने पहिल्याच पानांत दिले. अभिमानापोटीही अतिशयोक्ती करू नये, हे सत्य अणुव्रत सांगते. जे खरे आहे ते पुरेसे मोठे आहे : धंधुक्याच्या मोढ वणिक घराण्यातील एक मुलगा आचार्य झाला, पिसाच्या व्यापाऱ्यांतील एक मुलगा गणिती झाला, आणि दोघांनी वेगळ्या वाटांनी एकच नियम गाठला.

व्यापारी गणिताची आपली परंपरा तर याहूनही जुनी. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, ८५० च्या सुमारास, दिगंबर परंपरेतील महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. व्याज, भागीदारी, सोन्याचा कस यांवरील उदाहरणे त्यात भरपूर आहेत. हा ग्रंथ हिंदी अनुवादासह १९६३ मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने प्रसिद्ध केला. पिसाला जाण्यापूर्वी सोलापूरचे हे पुस्तक घरात आणावे, म्हणजे पुतळ्यासमोर उभे राहिल्यावर मुलांना काय सांगायचे हा प्रश्न पडणार नाही.

नदीकाठचा दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्नोच्या काठी जावे. दोन्ही तीरांवर जुन्या व्यापाऱ्यांचे वाडे बाकदार रांगेत उभे आहेत. पूर्वेकडील एका काठरस्त्याला लिओनार्दो फिबोनाचीचेच नाव आहे. पुराच्या पाण्याने जीर्ण होऊ लागलेले सांता मारिया देल्ला स्पीना हे छोटेसे देखणे प्रार्थनास्थळ १८७१ मध्ये दगड दगड सुटा करून थोड्या उंचीवर पुन्हा बांधण्यात आले.

पुढे जुन्या आरमारी गोद्यांत प्राचीन जहाजांचे संग्रहालय आहे. १९९८ मध्ये पिसाच्या सान रोस्सोरे स्थानकाजवळ रेल्वेसाठी खोदकाम चालू असताना गाळात पुरलेली जहाजे सापडली. रोमन काळापासूनच्या तीसच्या आसपास जहाजांचे अवशेष हाती आले. त्यांतील लाकूड, दोर आणि मालाची मडकीही टिकून होती. ती जागा आज समुद्रापासून सुमारे दहा किलोमीटर आत आहे. प्राचीन काळी आर्नो आणि तिला येऊन मिळणारी दुसरी नदी यांच्या संगमापाशी खाडी होती आणि समुद्र जवळ होता. नदीने हजारो वर्षे गाळ आणला आणि समुद्र दूर लोटला. मेलोरियाच्या पराभवातून पिसा कदाचित सावरले असते, पण बुजत चाललेले बंदर कोणाला उपसता आले नाही. १४०६ मध्ये फ्लॉरेन्सने पिसा जिंकले आणि पुढे समुद्राचा व्यापार दक्षिणेकडील लिव्होर्नो बंदराकडे गेला.

कऱ्हा सोनगावला नीरेला मिळते आणि नीरा इंदापूरच्या टोकाला नरसिंहपूरपाशी भीमेला. नदीच्या पाण्यावर पेठा वसतात, हे आपल्या भागाला ठाऊक आहे. पेठेचा ओघ कसा बदलतो, हेही जुन्या दुकानदारांनी पाहिले आहे. रस्ता वळला, बाजार हलला, खरेदी मोबाइलवर गेली, की भरभराटीची पेठ दहा-वीस वर्षांत ओस पडते. असा गाळ दिसत नाही, पण साठत असतो.

शब्दाची पत

मेलोरियानंतरच्या काळात जेनोआच्या तुरुंगात रुस्तिकेल्लो नावाचा एक पिसावासी लेखक होता. १२९८ च्या सुमारास त्याच्या कोठडीत व्हेनिसचा एक व्यापारी आला, मार्को पोलो. पोलोने सांगितले आणि रुस्तिकेल्लोने लिहिले, असा तो प्रसिद्ध प्रवासग्रंथ तयार झाला. त्यात भारतातील ‘लार’ प्रदेशाच्या व्यापाऱ्यांचे वर्णन आहे. ते जगातील उत्तम व्यापारी आहेत, कशासाठीही खोटे बोलत नाहीत, मांस खात नाहीत, जीवहत्या करीत नाहीत आणि परक्या व्यापाऱ्याने सोपवलेला माल प्रामाणिकपणे विकून देतात, असा त्याचा आशय. पोलोने त्यांना ब्राह्मण म्हटले आहे. पण अनेक अभ्यासकांना हे वर्णन गुजरातच्या वणिकांशी जुळणारे वाटते. पिसाच्या एका कैद्याच्या लेखणीतून भारतीय व्यापाऱ्याच्या सचोटीची कीर्ती युरोपभर गेली, हे या शहराशी आपले दुसरे नाते.

अठराव्या शतकात लिव्होर्नोच्या ज्यू पेढ्या भूमध्य समुद्रातील पोवळी गोव्याला पाठवीत आणि तेथील सारस्वत व्यापाऱ्यांमार्फत हिरे मागवीत. माल वर्षभर समुद्रावर, दोन्हीकडचे धर्म आणि भाषा वेगळ्या. व्यवहार चाले तो पत्रांवर आणि दिलेल्या शब्दावर.

आहार आणि नियम

ज्यांनी दिग्व्रत घेतले असेल त्यांनी आपली मर्यादा आधी पाहावी. चातुर्मासापूर्वीचा मे-जूनचा काळ प्रवासास सोयीचा. जूनमध्ये पिसात सूर्यास्त रात्री नऊच्या सुमारास होतो, त्यामुळे चोविहार निर्वेध पाळता येतो. डिसेंबरात मात्र पावणेपाचलाच सूर्य मावळतो. १६ जूनच्या संध्याकाळी नगराच्या संरक्षक संताच्या उत्सवानिमित्त आर्नोकाठच्या वाड्यांवर हजारो दिवे लावतात. पाण्यात त्यांचे प्रतिबिंब पाहताना दिवाळीची आठवण होते.

चीजबाबत विशेष जागरूक राहावे. पार्मेझान हे प्रसिद्ध चीज वासराच्या जठरातील विरजणानेच केले जाते, म्हणून ते वर्ज्य समजावे. ताज्या पास्त्यात बहुधा अंडे असते, सुका पास्ता सामान्यतः गहू आणि पाण्याचा असतो. टोमॅटोच्या रसात लसूण किंवा कांदा असतोच, असे धरून चालावे. काही आइस्क्रीममध्ये अंड्याचा बलक घालतात, फळांच्या रसाचे ‘सोर्बेत्तो’ त्यापेक्षा निर्धोक. तरीही विचारून घ्यावे. ‘सेन्झा’ म्हणजे ‘शिवाय’ : सेन्झा आल्यो (लसूण नको), सेन्झा चिपोल्ला (कांदा नको), सेन्झा पाताते (बटाटा नको), सेन्झा उओवा (अंडे नको). हे चार शब्द कागदावर लिहून ठेवल्यास वेटरशी वाद होत नाही.

पिसाचाच एक पदार्थ मात्र आपल्यासाठीच केल्यासारखा आहे. ‘चेचिना’ म्हणजे हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ कालवून भट्टीत भाजलेला पातळ पोळा, वरून मिरपूड. बेसनाच्या धिरड्याचा हा सख्खा भाऊ. भट्टीत शेजारी काय भाजले जाते, एवढे विचारून मग घ्यावा. घरचे खाकरे, मेथीचे ठेपले आणि भाजलेले पोहे बरोबर असले, की दोन दिवस सहज निभतात.

वहीच्या पहिल्या पानावर

दिवाळीला वहीपूजन करताना गौतमस्वामींची लब्धी आणि शालिभद्राची ऋद्धी मागण्याची रीत अनेक घरांत आहे. आता जमाखर्च संगणकावर गेला, वही पूजेपुरती उरली आणि मुले पुण्या-मुंबईस किंवा परदेशी गेली. बारामतीच्या पेठेतील दुकान पुढे कोण चालवणार, हा प्रश्न घरोघरी आहे. पिसा त्याचे उत्तर देत नाही; पण कशाची चिंता करावी आणि कशाची करू नये, हे दाखवते. बंदर बुजेल की नाही हे व्यापाऱ्याच्या हाती नसते. चोख हिशेब आणि पाळलेला शब्द मात्र त्याच्याच हाती असतो, आणि हे भांडवल मुलगा दुकानात बसला काय किंवा दूरदेशी नोकरीला गेला काय, त्याच्याबरोबर जाऊ शकते. बुजियाच्या जकात कचेरीत बापाने मुलाला हिशेब शिकण्यासाठी पाठवले, तेव्हा त्याने त्याच्या हाती पिसाचे बंदर दिले नव्हते. नऊ अंक आणि एक शून्य, एवढेच दिले होते.